दूरचा वर्ग आणि परत येणारी वही

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेंतील नववी-दहावीच्या बऱ्याच विद्यार्थ्यांनीं मोठ्या उत्साहानें आम्हांस सांगितलें कीं, या सुटींत आम्ही घरबसल्या एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करणार. कोणी इंग्रजी संभाषणाचा वर्ग निवडला होता, कोणी संगणकाचा, कोणी चित्रकलेचा. जूनच्या अखेरीस शाळा भरल्यावर आम्हीं चौकशी केली, तेव्हां अभ्यासक्रम शेवटास नेलेले विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. बाकीच्यांनीं माना खालीं घातल्या. पुढें पालकसभेंत हा विषय निघाला, तेव्हां एका सद्‌गृहस्थांनीं, “सर, पोरें आळशी झालीं, दुसरें काय?” असा निकाल देऊन टाकला, आणि पुष्कळांनीं त्यास माना डोलाविल्या.

हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. ज्या मुलास त्याचा बाप आळशी म्हणतो, तोच मुलगा रोवणीच्या दिवसांत भल्या पहांटे उठून बांधीच्या चिखलांत कंबर वांकवून दिवसभर उभा असतो. तेव्हां दोष नुसत्या आळसाचा नव्हे, तो आणखी कोठें तरी आहे. आणि तो कोठें आहे याचा थोडा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

या विषयाचा पहिला धडा आम्हीं स्वतः घेतला तो करोनाच्या सांथींत. मार्च २०२० मध्यें शाळांचीं दारें बंद झालीं. त्या काळीं आपल्या राज्यांत कांहींच झालें नाहीं, असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें एप्रिलमध्यें ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नांवाची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून घरोघरीं धाडण्यास आरंभ केला. जुलैंत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तींत व्याख्यानांपेक्षां मुलांनीं घरच्या माणसांच्या सोबतीनें करून पाहावयाच्या कृतींवर भर होता. सोलापूरच्या नीलमनगरांत शिक्षकांनीं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. हेतु हा कीं, ज्याच्या घरीं मोबाईल नाहीं त्यानें रस्त्यानें जातां जातां ते वाचावे. ‘असर’ नांवाची जी ग्रामीण शिक्षणाची पाहणी होत असते, तिच्यावरून असें दिसतें कीं, शाळेंत जाणाऱ्या ज्या ग्रामीण मुलांच्या घरीं स्मार्टफोन आहे, त्यांचें प्रमाण देशांत २०१८ सालीं शेंकडा ३६.५ होतें, तें २०२० सालीं शेंकडा ६१.८ वर गेलें. दोन वर्षांत ही वाढ लहान नव्हे. तरी पांच मुलांमागें जवळजवळ दोन मुलांच्या घरीं तें साधन नव्हतेंच.

आम्हीही आमच्या नववीचा वर्ग मोबाईलवर भरवूं लागलों. सकाळीं दहाच्या ठोक्याला पडद्यावर नांवें उमटत, आम्ही ‘हजर’ म्हणून खुणा करीत असूं, आणि पाऊण तास भूमिति शिकवून समाधानानें मोबाईल बंद करीत असूं. वर्गांत एक मुलगा होता. कोका अभयारण्याच्या बाजूस त्याचें गांव. त्याचें नांव एकही दिवस चुकलें नाहीं. जुलैच्या अखेरीस एके दिवशीं आम्हीं त्यास सहज प्रश्न विचारला; उत्तर आलें नाहीं. दुसऱ्या दिवशींही नाहीं, तिसऱ्या दिवशींही नाहीं. शेवटीं आम्ही मोटारसायकल काढून त्याच्या गांवीं गेलों. तेथें उलगडा झाला तो असा: नागपुरास बापाचें काम सुटलें होतें, म्हणून मुलगा दुसऱ्याच्या शेतांत रोवणीस जात असे, आणि दहा वाजले कीं, त्याची सात वर्षांची बहीण त्यानें शिकविल्याप्रमाणें वर्गाची कळ दाबून मोबाईल फळीवर ठेवून देत असे. महिनाभर आम्ही भूमिति शिकविली ती त्या फळीवरच्या डब्यांस!

आम्हांस राग आला नाहीं, लाज वाटली. त्या मुलानें निदान शाळेशीं नातें तुटूं नये म्हणून एवढी तजवीज केली होती. त्या दिवसापासून आम्हीं त्याच्यासाठीं एक वही घातली. आठवड्याची पांच उदाहरणें आम्ही तींत लिहीत असूं; गांवाहून दूध घेऊन येणाऱ्या गृहस्थाबरोबर ती जाई व शनिवारीं त्याच्याच बरोबर परत येई. कित्येकदां पानांवर चिखलाचीं बोटें उमटलेलीं असत. उदाहरण चुकलें असल्यास आम्ही बाजूस दोन ओळी लिहीत असूं, आणि पुढच्या शनिवारीं तेंच उदाहरण त्यानें पुन्हां सोडविलेलें दिसे. पाऊण तासाच्या व्याख्यानानें जें झालें नाहीं, तें त्या दोन ओळींनीं झालें. तो पुढें दहावी होऊन आज चांगल्या कामावर आहे.

येथवर लिहून थांबलों असतों तर आमचीच फुशारकी झाली असती. म्हणून दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. त्याच वर्गांत एक मुलगी होती. तिचा स्वाध्याय दर आठवड्यास वेळेवर येई, अक्षर सुंदर, उत्तरें सगळीं बरोबर. आम्हीं तिची इतरांपुढें वाखाणणी केली होती. तीं उत्तरें मैत्रिणीच्या वहीचें छायाचित्र पाहून जशींच्या तशीं उतरविलेलीं असत, हें आम्हांस फार उशिरां कळलें. तिला पहिल्या प्रकरणापासूनच कांहीं समजलें नव्हतें, आणि विचारण्याचें धैर्य तिला झालें नव्हतें. आम्हींही तिला कधीं वेगळें विचारलें नाहीं, कारण तिच्याविषयीं आम्हांस काळजीच वाटत नव्हती. पुढें तिच्या घरचीं माणसें वीटभट्टीच्या कामास परगांवीं गेलीं, ती त्यांच्याबरोबर गेली, आणि २०२१ च्या जूनमध्यें तिचें नांव पटावरून कमी करावें लागलें. जी मुलगी अभ्यासांत रमलेली असती तिला घरच्यांनीं मागें ठेवलें असतें कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु तिच्या बाजूनें बोलावयास आमच्या हातांत कांहींच नव्हतें, एवढें खरें. त्याच वर्षीं दहावीची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल शेंकडा ९९.९५ लागला. त्या आंकड्याकडे पाहतांना आम्हांस पटावरील ती एक ओळ आठवत असे.

तात्पर्य, ‘हजर असणें’ व ‘शिकत असणें’ यांतील जें अंतर वर्गांत शिक्षकाच्या नजरेंत भरतें, तें मोबाईलच्या पडद्यावर झांकलें जातें. वर्गांत एखादा मुलगा खिडकीबाहेर पाहूं लागला कीं, आपण त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहतों. एवढ्यानेंच काम होतें. दूरच्या वर्गांत बांक नाहीं, खिडकी नाहीं, आणि जवळ जाऊन उभें राहणेंही नाहीं.

हा अनुभव केवळ भंडारा जिल्ह्याचा आहे, असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स येथील दोन नामांकित संस्थांनीं २०१२ सालीं जगांतील सर्वांस खुले असे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. शिकविणारे अध्यापक मोठे, चित्रफिती उत्तम, प्रवेशास फी नाहीं. पुढें २०१९ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत राइश व रुइपेरेझ-व्हॅलिएन्टे या दोघां संशोधकांनीं ५६ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला. नांव नोंदविणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५२, विद्यार्थ्यांनीं अभ्यासक्रमाचें दारच कधीं उघडलें नव्हतें. आणि २०१७-१८ सालीं अभ्यासक्रम पुरा करणारे शंभरांत अवघे तीन होते. याचा अर्थ उरलेले सारे आळशी होते असा नव्हे. कांहीं जण केवळ डोकावून पाहण्यास आलेले असतात. वाचनालयांत येऊन कोशांतील एक शब्द पाहून जाणाऱ्यास आपण अर्धवट वाचक म्हणत नाहीं. ज्यांनीं प्रमाणपत्रासाठीं पैसे भरले होते त्यांच्यांत पुरा करणारांचें प्रमाण शेंकडा ४६ होतें. तेव्हां निश्चयानें आलेल्यांची गोष्ट निराळी. परंतु पैसे भरूनही अर्ध्याहून अधिक मागें पडलेच, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. मोठी फी भरली म्हणजे मुलाचें लक्ष विकत घेतलें, अशी समजूत आमच्या भागांत अलीकडे फार पसरली आहे, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

दुरून शिकविण्याची कल्पना मात्र मुळींच नवी नाहीं. ख्रिस्ती वाचकांस सांगावयास नको, इतरांसाठीं सांगतों: पौल प्रेषितानें पहिल्या शतकांत दूरदूरच्या मंडळ्यांस जीं पत्रें पाठविलीं, तीं एका अर्थीं दूरस्थ शिक्षणच होय. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय पुष्कळजण नुसत्या नांवांची यादी म्हणून ओलांडून जातात. पण तो अध्याय शिक्षकाच्या डोळ्यांनीं वाचून पाहावा. ज्या नगरांत पौल तोंवर गेलाही नव्हता, तेथल्या वीस-पंचवीस माणसांस तो नांवानिशीं सलाम सांगतो. कोणी काय श्रम केले याचीही आठवण ठेवतो. थेस्सलनीका येथील मंडळीचें पुढें काय झालें ही चिंता त्यास अनावर झाली, तेव्हां तो स्वतः अथेनै येथें एकटा राहिला आणि तीमथ्यास त्यांच्याकडे पाठविलें. तीमथ्य परत येऊन वर्तमान सांगेपर्यंत त्याच्या जिवास स्वस्थता नव्हती. म्हणजे ज्याच्या पत्रांनीं जग हालविलें, त्यालाही नुसतें पत्र पुरेसें वाटलें नाहीं. माणूस पाठवावा लागला.

अर्वाचीन काळांत, १८४० सालीं इंग्लंडांत एका पेनींत पत्र कोठेंही पोहोंचूं लागलें, तेव्हां बाथ येथील आयझॅक पिटमन या शिक्षकानें आपली लघुलेखनाची विद्या टपालानें शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्यानें बायबलांतील एखादा उतारा लघुलिपींत उतरवून पाठवावा, पिटमन यांनीं तो तपासून परत धाडावा, अशी ती रीति होती. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. धडे छापून विकणारे पिटमनच्या पूर्वींही होते. पिटमन यांनीं नवें केलें तें हें कीं, विद्यार्थ्याचा कागद परत येऊं लागला, आणि त्या कागदावर दुसऱ्या माणसाच्या शाईची खूण असे. आमच्या दूधवाल्या गृहस्थाच्या पिशवींतून येणारी वही हीच होती. फक्त आम्हांस त्याचा इतिहास ठाऊक नव्हता.

आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें. महाराष्ट्रांत १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्यानेंही केवळ पुस्तकें घरपोंच करून हात झटकले नाहींत. गांवोगांवच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रें नेमलीं आणि तेथें विद्यार्थ्यांस भेटणाऱ्या शिक्षकास ‘संमंत्रक’ असें नांव दिलें. शब्द मोठा सुंदर आहे. संमंत्रक व्याख्यान देणारा नव्हे, बरोबर बसून सल्लामसलत करणारा. आमच्या ओळखीच्या एका गृहिणीनें घरचें सर्व सांभाळून याच विद्यापीठाची पदवी घेतली. रविवारची उपासना झाल्यावर ती केंद्रावर जात असे, आणि “तेथें आपली वाट पाहणारें कोणी आहे, म्हणून घरीं पुस्तक उघडलें जाई,” असें ती आम्हांस म्हणाली होती.

आतां विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातांत जें आहे त्याविषयीं. चित्रफीत पाहणें म्हणजे अभ्यास करणें नव्हे. वर सांगितलेल्या परदेशी अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या ६९ लाख प्रसंगांची तपासणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. चित्रफीत कितीही लांब असो, साधारण पाहणारा सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीं, असें तींत आढळलें. तेव्हां तासाभराच्या व्याख्यानांत तुमचें मन भरकटलें तर तें तुमचेंच विशेष पाप आहे असें समजूं नका; पण त्यावर उपाय न करणें ही मात्र चूक होय. उपाय सोपा आहे. हार्वर्ड येथील संशोधकांनीं २०१३ सालीं एक व्याख्यान चार तुकड्यांत दाखविलें आणि कांहीं विद्यार्थ्यांस प्रत्येक तुकड्यानंतर लहानशी परीक्षा दिली. ज्यांची अशी मधून मधून परीक्षा झाली त्यांचें मन कमी भरकटलें, त्यांनीं टिपणें अधिक घेतलीं व शेवटीं त्यांस अधिक आठवलें. तुम्हीही तसेंच करावें. सहा-सात मिनिटें झालीं कीं चित्रफीत थांबवावी, मोबाईल पालथा ठेवावा, आणि कोऱ्या पानावर आतां काय ऐकलें तें न पाहतां लिहावें. पहिल्या दिवशीं दोन ओळीही सुचणार नाहींत. त्यानें घाबरूं नये. जें सुचत नाहीं तेंच शिकावयाचें आहे, एवढाच त्याचा अर्थ.

येथें एक गमतीची गोष्ट आहे. रोडिगर व कार्पिके या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखवून दिलें कीं, धडा पुन्हां पुन्हां वाचणारा विद्यार्थी पांच मिनिटांनंतरच्या परीक्षेंत पुढें असतो. पण आठवड्यानंतर पाहावें तों, पुस्तक मिटून आठवून लिहिणारा त्याच्या पुढें निघून गेलेला असतो. आणि आठवड्यानंतर आपल्याला अधिक आठवेल असा भरंवसा मात्र पुन्हां पुन्हां वाचणारालाच अधिक वाटत असतो! चित्रफीत पुन्हां पाहतांना ‘हें सारें मला येतें’ असें जें गोड वाटतें, त्यावर विश्वास ठेवूं नये तो यासाठींच.

यावर कोणी म्हणेल, मग वेळापत्रक भिंतीवर लावलें, मोबाईलवर आठवणीची घंटा लावली, म्हणजे काम झालें. आम्हीही कांहीं वर्षें असेंच समजत होतों. परंतु २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत सुमारे अडीच लाख ऑनलाइन विद्यार्थ्यांवर असे लहान लहान उपाय करून पाहिले गेले. अभ्यास केव्हां व कोठें करणार हें आधीं लिहवून घेतल्यानें पहिले कांहीं आठवडे विद्यार्थी अधिक नेटानें चालले; पण अभ्यासक्रमाच्या शेवटापर्यंत तो जोर पोंचला नाहीं. वेळापत्रक करावेंच, पण तें रुसत नाहीं, विचारीत नाहीं, शाबास म्हणत नाहीं. म्हणून प्रत्येकानें अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वीं एक माणूस निवडावा, ज्याला दर आठवड्यास आपली वही दाखवावयाची. तो शिक्षक असलाच पाहिजे असें नाहीं. दोघां मित्रांनीं एकच अभ्यासक्रम घेऊन एकमेकांच्या वह्या तपासल्या तर फारच उत्तम.

पालकांपैकीं कित्येक जण आम्हांस म्हणतात, “सर, आम्हांला त्यांतलें काय कळतें? आम्ही काय विचारावें?” कळण्याची गरज नाहीं. रात्रीं जेवतांना, “आज काय शिकलास तें मला सांग,” एवढें म्हणावें, आणि तो सांगत असतां मधेंच उठून जाऊं नये. मुलगा सांगूं लागला कीं, त्याचें त्यालाच कळतें, कोठें अडलें तें. ज्या आईनें शाळेची पायरी चढली नाहीं, तीही ही परीक्षा घेऊं शकते. किंबहुना तिला समजेल असें सांगावें लागतें म्हणून तिचीच परीक्षा अधिक कठीण असते. घरांत मोबाईल एकच असेल तर तो कोणत्या वेळीं कोणाचा, हें ठरवून द्यावें. बहुधा तो थोरल्या मुलाच्या हातीं जातो आणि मुलीची पाळी रात्रीं भांडीं घासून झाल्यावर येते, तोंवर डोळे मिटूं लागलेले असतात. हें आम्हीं पुष्कळ घरीं पाहिलें आहे.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा, असें विचारणारांनीं प्रथम पैसे मागणाऱ्या जाहिरातींकडे धांव घेऊं नये. केंद्र सरकारचें ‘स्वयं’ हें व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजीं सुरू झालें. त्यांत नववीपासून पदव्युत्तर वर्गांपर्यंतचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकण्याची सोय केली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ठिपक्यांचीं चौकोनी चिन्हें छापलेलीं असतात, तीं मोबाईलनें टिपलीं असतां त्या धड्याचें साहित्य उघडतें. पाठ्यपुस्तकांत अशीं चिन्हें घालण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनीं आरंभिला, आणि डिसेंबर २०२० मध्यें त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; दहा लाख डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं इतर नऊ स्पर्धकांस वांटून दिली. आमच्या वर्गांतील किती विद्यार्थ्यांनीं तें चौकोनी चिन्ह एकदां तरी उघडून पाहिलें आहे, हें विचारून आम्ही कोणास लाजवूं इच्छीत नाहीं.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीसाठीं आम्हीं मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें एक लहानशी व्यवस्था केली आहे. मे महिन्यांतील ऊन लक्षांत घेऊन दर शनिवारीं सकाळीं ७॥ पासून १० पर्यंत शाळेच्या वाचनालयाची खोली उघडी राहील. ज्यांनीं कोणताही ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला असेल त्यांनीं मोबाईल आणला नाहीं तरी चालेल, वही मात्र आणावी. आम्ही दोघे शिक्षक तेथें बसूं. दूरच्या गांवच्या विद्यार्थ्यांस दर शनिवारीं येणें शक्य नसल्यास त्यांनीं वही बाजारास येणाऱ्या कोणाबरोबरही पाठवावी; ती तपासून त्याच दिवशीं परत दिली जाईल. नांवें २५ एप्रिलपर्यंत द्यावींत. जो सलग दोन शनिवार आला नाहीं व ज्याची वहीही आली नाहीं, त्याच्या घरीं तिसऱ्या आठवड्यांत आम्ही येऊं. त्या वेळीं घरच्या मंडळींनीं आम्हांस चहाचा आग्रह करूं नये, मुलास तेवढें समोर बसवावें.